पळसझरी कुठल्या तालुक्यात येतं?

मागच्या अंकात आमच्या घरच्या मॉडेल रेल्वेचा फोटो छापून आला आणि तेव्हापासून संपादकांकडे पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळंच येऊन राहिलंय. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नागपुरात प्रतापनगरला आमच्या घराच्या वरच्या खोलीत सासरे, नवरा, दोन पोरं आणि मी अशी आम्ही सगळ्यांनी मिळून एक छोटी नॅरोगेज रेल्वे उभी केलीय. नाव पळसझरी लाइट रेल्वे, भिवापूरहून निघते आणि जंगलात शिरते, आणि तिचा अख्खा इतिहास आम्ही घरी बसून रचलाय. या महिन्याचे प्रश्न सगळे तिच्यावरच. सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: माझं माहेर भिवापूरचं. फोटोखाली "भिवापूर–पळसझरी शाखा, १९५५" असं लिहिलंय. आमच्याकडे कोणाला अशी लाईन आठवत नाही, मॅपवर पण सापडत नाही. फक्त एक काका म्हणतात की ते लहानपणी त्या गाडीत बसलेत. पळसझरी कुठल्या तालुक्यात येतं? (मानेवाडा)

कुठल्याच नाही ताई. गाव नाही, झरी नाही, लाईन तर नाहीच. भिवापूर खरं, तिथली मिरची खरी, भिवापूरवरून जाणारी नागपूर–नागभीड नॅरोगेज पण खरी, ती बंगाल नागपूर रेल्वेच्या काळात झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करायला म्हणून बंद झाली. काका बहुतेक त्याच गाडीत बसले असतील, इतवारीहून डिघोरी, कुही, उमरेड करत. त्यांना खोटं पाडू नका, बसले ते बसलेच आहेत, फक्त त्यापुढचा फाटा आमच्या सासऱ्यांच्या डोक्यातून निघालाय.

पण तुमच्या पत्रामुळे एक गोष्ट सगळ्यांनाच सांगावीशी वाटते, कारण "हे असं खोटं लिहिणं बरं का?" असं आणखी दोघातिघांनी विचारलंय. रचलेला इतिहास खुशाल रचा, पण खऱ्याशी त्याचा जोड कुठे आहे ते बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. आमच्या खोलीत भिंतीवर नकाशा आहे, त्यात भिवापूरपर्यंतचं सगळं काळ्या शाईत आणि पुढचं लाल शाईत. लाल म्हणजे आमचं. येणाऱ्या पाहुण्याला पहिले नकाशापुढे उभं करतो, मग स्विच चालू. शाळेतली पोरं येतात ना, ती ऐकलेलं सगळं खरं धरून चालतात आणि नंतर कुठल्या प्रोजेक्टमध्ये पळसझरी लिहून मोकळी होतात, त्यापेक्षा हे बरं.

प्रश्न: मुलाच्या वाढदिवसाला एचओचा (खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढ्या मापाचा) ट्रेन सेट घेतला. गोल ट्रॅक, इंजिन, तीन डबे. आठ दिवस मजा आली, आता पोरगा तिकडे बघत नाही. तुमच्यासारखा "इतिहास" करायचा तर सुरुवात कुठून? आधी डोंगर करायचा की स्टेशन? (वर्धा रोड)

डोंगर नाही, स्टेशन पण नाही. आधी एक प्रश्न विचारायचा, या गाडीत माल काय जातो? याचं उत्तर नसलं की गाडी गोल गोल फिरत राहते आणि कोणीही कंटाळतो, मोठं माणूस पण कंटाळतं, मुलाला बोल लावू नका.

आपल्याकडच्या खऱ्या लाईनी बघा ना. १८६७ ला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली, ती काय आपल्याला पंढरपूरला न्यायला आली नव्हती, वऱ्हाडातला कापूस ओढायला आली होती. त्याच्या आधी १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालेलं, तिथला कापूस अडकला आणि इंग्रजांच्या गिरण्यांना आपल्या कापसाची किंमत कळली. मग १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरातच सुरू झाली. तुमसरहून तिरोडीकडे जाणारी लाईन बघाल तर तिथे मँगनीज. आणि शकुंतला नावाची नॅरोगेज गाडी तर सगळ्यांना माहीतच आहे, मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला, कापसासाठीच टाकलेली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ चं, मँचेस्टरला बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत चाललं. म्हणजे कापूस मँचेस्टरकडे आणि इंजिन मँचेस्टरहून इकडे, एवढ्या एका ओळीत त्या लाईनीची अख्खी जन्मकथा आली की नाही?

तसंच तुमच्या लाईनीचं करा. आमच्या पळसझरीला खाली येताना भात, मिरची, बांबू आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता, वर जाताना मीठ, रॉकेल, कापड आणि बाजाराचा माल. खाली येताना डबे गच्च, वर जाताना अर्धे रिकामे. आता हे कागदावर लिहिलं की खेळच बदलतो, कारण रिकामे डबे परत कुठे न्यायचे, बांबूचा डबा मिरचीच्या गोदामापुढे उभा राहिला तर शंटिंग कसं करायचं, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, कोणी थांबायचं, हे पोरं आपणच विचारायला लागतात. आमच्याकडे प्रत्येक डब्याला एक छोटी चिठ्ठी आहे, कुठून, कुठे, काय भरलंय. चिठ्ठी काढली की काम निघालं.

दुसरं म्हणजे जोड. तुमची लाईन एखाद्या खऱ्या स्टेशनाला लागली पाहिजे. अमेरिकेत ॲलन मॅक्लेलंड नावाच्या माणसाने ओहायोत घराच्या तळघरात "व्हर्जिनियन अँड ओहायो" नावाची न झालेली रेल्वे बनवली, ती मॉडेलवाल्यांमध्ये फार गाजली, आणि त्याचं म्हणणं हेच होतं की टेबलावर दिसते तेवढीच रेल्वे नाही, गाडी टेबलाबाहेरच्या जगातून येते आणि बाहेरच्या जगात जाते. आमच्याकडे भिवापूर म्हणजे कपाटामागे लपवलेल्या चार लाईनी, दिसत काहीच नाही, पण कपाटामागून गाडी आली की सगळे म्हणतात नागपूरची आली.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात आवडतं. खोलीत जे नडतं त्याला इतिहासात जागा द्या. आमच्या खोलीचं दार नेमकं कोपऱ्यात उघडतं, त्यामुळे ट्रॅकला तिथे फार घट्ट वळण द्यावं लागलं, नवरा रोज कुरकुर करायचा की खरी रेल्वे असं वळण कधी देईल का म्हणून. सासऱ्यांनी एका संध्याकाळी तोडगा काढला. म्हणे तिथे मामा तलाव आहे. आता आपल्याकडे भंडारा, चंद्रपूर, गोंदिया भागात हे जुने मालगुजारी (मालगुजार म्हणजे गावचे जमीनदार) तलाव जागोजागी आहेत, मालगुजारी गेली म्हणून माजी मालगुजारी, म्हणजे मामा. तर कथा अशी की मालगुजाराने तलावाची पाळ फोडू दिली नाही, कंपनीकडे पूल बांधायला पैसा नव्हता, सर्व्हेवाल्या साहेबाने वैतागून लाईन तलावाला वळसा घालून नेली आणि स्टेशन गावापासून दोन मैल लांब पडलं. लगेच गावाची तक्रार तयार, स्टेशनापर्यंत बंडीवाल्यांचा धंदा तयार, आणि दर पावसाळ्यात पाळ झिरपून गाडी उशिरा यायला कारण पण तयार. दार तिथेच आहे, कुरकुर बंद झाली.

एक पथ्य मात्र पाळा. फार मोठेपणा देऊ नका. पहिल्या उत्साहात सगळ्यांनाच वाटतं आपली रेल्वे सर्वात लांब, व्हाइसरॉय उद्घाटनाला आला, सोन्याची खाण निघाली. ते दोन दिवसात शिळं होतं. लाईन गरीब ठेवा, कर्जात ठेवा, एकच धड इंजिन आणि एक सदा दुरुस्तीतलं. आमची तर पुढे ट्रक आले आणि १९६० नंतर बंद पडते असं ठरलंय, धाकट्याला ते मान्य नाही, त्याचा वाद अजून चालू आहे.

प्रश्न: नॅरोगेजच का? आणि बाजारात मिळणाऱ्या ट्रॅकवर आपली विदर्भातली नॅरोगेज बसते का? स्केलचं गणित काही केल्या डोक्यात शिरत नाही. (हिंगणा टी-पॉइंट)

शिरेल, एकच भागाकार आहे. एचओ म्हणजे १:८७. खऱ्या मापाला ८७ ने भागा. आपली नॅरोगेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. भागलं की ८.७६ मिलिमीटर. आणि बाजारात एन गेजचा ट्रॅक असतो ९ मिलिमीटरचा. बसला ना! पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. म्हणून माणसं, घरं, बैल सगळं एचओच्या मापात आणि रूळ एनचे.

आता तेच ब्रॉडगेजला करून बघा, १६७६ भागिले ८७ म्हणजे १९.२६, पण एचओचा तयार ट्रॅक १६.५ चा. म्हणून भारतीय ब्रॉडगेजचं मॉडेल तयार ट्रॅकवर ठेवलं की जरा अंग चोरून उभं राहिल्यासारखं दिसतं. चालवणारे चालवतात, आम्ही पण एका फळीवर चालवतो, पण जाणकार आला की पहिले तेच बोलतो. मीटरगेजला १२ चा ट्रॅक चालतो.

इंजिन आपल्या नॅरोगेजचं तयार मिळेल अशी आशा ठेवू नका. एन गेजच्या इंजिनाची चेसिस घ्यायची आणि वर बॉडी आपली, कार्डशीटची किंवा प्लॅस्टिक शीटची, थ्री-डी प्रिंटरवाला ओळखीचा असेल तर उत्तमच. आणि लांबीचा हट्ट सोडा बाप्पा, खरा एक किलोमीटर म्हणजे या मापात साडेअकरा मीटर होतात, आपल्या खोलीची साडेतीन मीटरची भिंत म्हणजे जेमतेम तीनशे मीटर, तेवढ्यात भिवापूर ते जंगल बसवायचं तर मधलं सगळं झाडांमागे गुंडाळावं लागतं.

प्रश्न: मी रेल्वेतून रिटायर झालो. तुमच्या फोटोत एका डब्यावर पुसट बी.एन.आर. आणि त्यावर ई.आर. दिसतं. १९५५ मध्ये नागभीडकडची लाईन दक्षिण पूर्व रेल्वेत होती. हे मुद्दाम केलं की कसं? (अजनी)

काका, भिंग घेऊन बसले होते का! मुद्दाम केलंय. आमचा लेआऊट, म्हणजे टेबलावरची अख्खी मांडणी, १९५५ च्या ऑगस्टमध्ये थांबवलेला आहे, पोळ्याच्या आसपास. बंगाल नागपूर रेल्वे (बी.एन.आर.) १९४४ ला सरकारने घेतली, १९५२ च्या एप्रिलमध्ये ती पूर्व रेल्वेत (ई.आर.) गेली, आणि दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी निघाली १ ऑगस्ट १९५५ ला. म्हणजे पोळ्याला नवीन रेल्वे जेमतेम काही दिवसांची, आणि जंगलातल्या फाट्यावर पेंटर इतक्यात कुठला पोचायला. म्हणून जुनी अक्षरं, त्याखाली आणखी जुनी अक्षरं. ते डबे माझ्या मोठीने रंगवलेत, ती हे वाचून उड्या मारणार आहे.

बाकीच्या वाचकांसाठी यातली कामाची गोष्ट ही की वर्ष एकदा ठरवलं की ते वर्ष तुम्हाला पुष्कळ काही आयतं देतं. १९५५ म्हटलं की नागपूर महाराष्ट्रात नाही, जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी आहे, १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तिकिटावर भाडं आण्यात, कारण नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. डब्यावर थर्ड क्लास, तो १९७४ पर्यंत होता. रुळाच्या बाजूचे दगड मैलांचे. एवढं सांभाळलं की रचलेल्या गावाला पण वजन येतं, बघणारा म्हणतो असेल बा असं गाव. आणि हे नाही सांभाळलं तर तुमचा तलाव कितीही सुंदर असू दे, पहिला रिटायर्ड गार्ड आला की तिकिटावरच अडवतो.

एका वाचकाने विचारलंय की १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ आमच्या रेल्वेच्या कथेत घेऊ का. घ्या, दुष्काळी कामं म्हणून मातीचे भराव घालून घेणं हे तेव्हा खरोखर चालायचं, त्यामुळे कथेत ते बसतं. फक्त त्याची सजावट करू नका, हाडकुळी माणसं रंगवून टेबलावर ठेवणं मला तरी सहन होणार नाही. वहीत एक ओळ लिहा, पुरे.

प्रश्न: नागपूरच्या उन्हाळ्यात तुमचे रूळ वाकत नाहीत का? आमचा ट्रॅक मे महिन्यात सापासारखा झाला. खोलीत कूलर आहे. (जरीपटका)

वाकण्याचं खापर सगळे उन्हावर फोडतात पण खरा कारभारी कूलर आहे. हिशोब सांगते, तीन मीटर लांब निकेल सिल्व्हरचा रूळ तीस डिग्रीने तापला तर जेमतेम दीड मिलिमीटर वाढतो. तेवढ्यासाठी सांध्यांमध्ये बारीक फटी ठेवल्या की काम भागतं, सगळे सांधे सोल्डर करून टाकू नका, वळणावरचे तेवढे करा. पण लाकूड? ओली हवा प्यायलं की फुगतं, सुकलं की आकसतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर हवा कोरडी ठक्क, आत वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी टपटपतंय, रात्री कूलर चालू, दिवसा लाईट गेली की बंद. फळी दिवसातून दोनदा श्वास घेते. वर रूळ खिळलेला, तो बिचारा जाणार कुठे.

उपाय साधे आहेत. साधं एमडीएफ वापरू नका, चांगला वॉटरप्रूफ प्लाय घ्या, आणि तो खालून, वरून, कडांना सगळीकडून ऑइलपेंट नाहीतर वॉर्निशने बंद करा, लोक वरची बाजू रंगवतात आणि खालची तशीच सोडतात, मग फळीची पापडी होते. खाली सागवानी फ्रेम. कूलरचा झोत लेआऊटवर नको, शक्य असेल तर त्या खोलीत कूलरच नको, पण हे मी लिहिते आहे आणि आमच्या घरी सासरे उन्हाळ्यात दुपारी त्याच खोलीत झोपतात, त्यामुळे आमच्याकडे मधे पडदा लावलाय. स्टीलचे रूळ असतील तर कूलरने गंज धरतात, निकेल सिल्व्हर धरत नाही. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडका, सँडपेपर अजिबात नको, बारीक चरे पडतात आणि त्यातच मळ बसतो.

प्रश्न: आजोबांना वाफेचं इंजिन पाहिजे, माझ्या मुलाला वंदे भारत. घरात रोज युद्ध. काय करू? (लक्ष्मीनगर)

वंदे भारत नॅरोगेजवर चढणार नाही हे आधी मुलाला सांगा, तो आजोबांचा विजय नाही, रुळाचा आहे. मग जंक्शनवर एक ब्रॉडगेजची फळी त्याच्या नावाने लावून द्या. आमच्या धाकट्याचं तेच केलंय, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–बिलासपूर वंदे भारत सुरू झाली तेव्हापासून त्याचं हेच वेड होतं, रविवारी त्याची फळी बाहेर निघते, त्या दिवशी साल २०२२, सोमवारी पुन्हा १९५५. दोन्ही एकाच वेळी टेबलावर ठेवायला माझा नकार आहे. पोरगा रडला तरी.

आणि भांडण गाडी चालवायच्या कंट्रोलरवरून असेल (तसं पत्र वर्धमाननगरहून आलंय, जुळी पोरं आहेत म्हणे) तर खऱ्या रेल्वेची युक्ती उचला. सिंगल लाईनवर एका सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी जावी म्हणून ड्रायव्हरच्या हातात टोकन द्यायची पद्धत होती, आपल्याकडे नील्स बॉल टोकन नावाच्या यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा आणि तो हातात असल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आमच्याकडे गोट्या आहेत. निळी गोटी भिवापूर ते तलाव, हिरवी तलाव ते पळसझरी. गोटी ज्याच्या खिशात त्याचीच गाडी, दुसऱ्याने लूपमध्ये गपचूप उभं राहायचं. आई म्हणून मला ओरडावं लागत नाही, नियमच ओरडतो.

प्रश्न: मी ७३ वर्षांची आहे. मुलगा आणि नातू वायरी जोडत बसतात, मला काही समजत नाही. मी यात काय करू शकते, की नुसता चहाच द्यायचा? (महाल)

चहा त्यांना करू द्या. आजी, इतिहास रचायला वायर लागत नाही आणि तुमच्याकडे जे आहे ते त्या दोघांकडे मिळून पण नाही. बाजाराचा वार कोणता, तिकीटघरापुढे कोण उभं राहायचं, सासरी जाणाऱ्या पोरीच्या डब्यात काय बांधून द्यायचे, गाडी चुकली तर रात्र कुठे काढायची. हे सगळं तुम्ही सांगा. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा लेआऊटचा पत्ता नव्हता, पण त्यांच्या बहिणीने, म्हणजे आमच्या मावशींनी पळसझरी स्टेशनाची कंप्लेंट बुक लिहायला घेतलीय. साधी दोनशे पानी वही. त्यात रोजच्या गाडीच्या तक्रारी, प्रत्येक वेगळ्या माणसाच्या तोंडून. तांदळाचं पोतं भिजलं. बकरी थर्ड क्लासमध्ये नेऊ दिली नाही. स्टेशन मास्तर दुपारी झोपतात. शेजारच्या गावच्या पाटलाला खिडकीजवळची जागा दिली आणि मला नाही. मास्तरांची उत्तरं सासरे लिहितात, अगदी सरकारी भाषेत, आणि कधीकधी ती वही वाचायलाच पाहुणे येतात, गाडी बघायला नाही. मावशी आता एका तक्रारदार बाईची मुलगी स्टेशनमास्तरच्या भाच्याला द्यायच्या विचारात आहेत. सासऱ्यांचा अजून होकार आलेला नाही.

तेव्हा वही घ्या. आणि लिहायचा कंटाळा येत असेल तर नातवाला सांगा, मोबाईलवर रेकॉर्ड करेल.

प्रश्न: नागपुरात खरी नॅरोगेज बघायला मुलांना कुठे न्यायचं? (बेसा)

मोतीबागचं नॅरोगेज रेल म्युझियम. २००२ पासून आहे, खरी इंजिनं आणि डबे बाहेर उभे आहेत, आत जुनी उपकरणं आहेत. टेप घेऊन जा, डब्याची उंची, खिडकीचं माप, पायऱ्या, सगळं उतरवून आणा, फोटोवरून अंदाजाने केलेलं आणि मोजून केलेलं यात फरक पडतोच. पुण्याला जाणं झालं तर कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघा, १९९८ पासून सुरू आहे, चालतं लेआऊट आहे.

प्रश्न: आम्हाला लेआऊटवर पोळा पण हवा, फुललेला पळस पण हवा आणि अंगणात वाळत घातलेली लाल मिरची पण. मिरचीसाठी खरं तिखट भुरभुरलं तर चालेल का? (उमरेड)

उमरेडहून हा प्रश्न यावा! पळस फाल्गुनात फुलतो, पोळा श्रावणी अमावास्येला, मिरची वाळते हिवाळ्यानंतर. एक निवडा. आमच्या लाईनीच्या नावात पळस आहे आणि टेबलावर सगळा पळस हिरवागार, येणारा प्रत्येक जण विचारतो की फुलं कुठे, आम्ही सांगतो फेब्रुवारीत या, आणि फेब्रुवारीत आला तरी हिरवाच दिसतो कारण टेबलावर ऑगस्टच असतो. तुम्हाला लाल-केशरी रंगच हवा असेल तर पोळा सोडा आणि मार्च धरा, पळस आणि मिरची दोन्ही त्यात बसतात. बैल तान्ह्या पोळ्याचे लाकडी घेऊ नका, ते या मापात हत्तीपेक्षा मोठे होतात.

झाडांना वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या आणि काटक्या वापरा, फांद्या अगदी खऱ्यासारख्या निघतात. जमिनीला आपलीच काळी माती, उन्हात वाळवून, कपड्यातून चाळून, पण टाकण्याआधी तिच्यातून चुंबक फिरवा, चुंबकाला चिकटणारे काळे कण निघतील, ते इंजिनाच्या मोटरमध्ये गेले तर मोटर बसली म्हणून समजा. चिकटवायला फेव्हिकॉलमध्ये तितकंच पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे माती ते पिऊन घेते, वर थेंब तरंगत नाहीत.

तिखट मात्र नको. झुरळं येतात, बुरशी धरते, आणि पंखा लागला की अख्खं घर शिंकतं. विटेची पूड घ्या, चाळून, थोडा लाल पोस्टर कलर घालून.